चार झाडांची कसोटी : कोरियन विद्वानांच्या शाईचित्रांतील वनस्पती

दक्षिण कोरियाच्या चलनी नोटा नुसत्या चाळल्या तरी त्या देशाने काही मोजक्या वनस्पतींना किती मान दिला आहे, हे कळते. १,००० वॉनच्या नोटेवर सोळाव्या शतकातले तत्त्वज्ञ यी ह्वांग आहेत आणि त्यांच्या सोबतीला प्लमचा फुललेला बहर. ५,००० वॉनच्या नोटेवर विचारवंत यी ई आणि त्यांच्या जन्मघरातला काळा बांबू. २००९ साली आलेल्या ५०,००० वॉनच्या नोटेवर याच यी ईंची आई, चित्रकर्ती शिन साइमदांग (१५०४–१५५१), तिच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या द्राक्षवेलीसह विराजमान आहे. नोट उलटली की मागच्या बाजूला एकावर एक रचलेली दोन शाईचित्रे दिसतात : ओ मोंग-र्योंग यांचा चंद्राखालचा प्लम आणि यी जोंग यांचा वाऱ्यातला बांबू. राजवाडे किंवा लढाया यांच्या बरोबरीने एखाद्या राष्ट्राने काळ्या शाईत काढलेल्या फांद्या आपल्या पैशावर छापाव्यात, यामागे पाच-सहाशे वर्षांचा विचार आहे.

या विचाराची ओळख बहुधा एका छोट्या कोष्टकाने करून दिली जाते : प्लम म्हणजे धैर्य, ऑर्किड म्हणजे शालीनता, शेवंती म्हणजे निष्ठा, बांबू म्हणजे सचोटी. कोष्टक चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते पाठ करून ही चित्रे पाहणाऱ्याला सगळे बांबू सारखेच वाटतील. माझे म्हणणे असे की या परंपरेत वनस्पती ही चित्रकाराने स्वतःला लावून घेतलेली कसोटी होती. बांबू काढणारा माणूस ‘मी असा वागेन’ असे जाहीर करत होता आणि पाहणारे चित्र व माणूस यांची पारख एकत्रच करत होते. म्हणून तेच झाड राजघराण्यातल्या माणसाच्या हाती एक बोलते, हद्दपार विद्वानाच्या हाती दुसरे आणि तुरुंग भोगलेल्या क्रांतिकारकाच्या हाती तिसरेच.

चीनमधून आलेला वसा

कोरियन भाषेत या चौघांना ‘सागुनजा’, म्हणजे चार सत्पुरुष, म्हणतात. प्लम बर्फ पुरता वितळण्याआधी निष्पर्ण फांदीवर फुलतो. ऑर्किड वसंतातला, शेवंती पाला गळू लागल्यावर फुलणारी आणि बांबू हिवाळ्यातही हिरवा. चौघे मिळून वर्ष पुरे करतात. त्यांपैकी प्लम व बांबू पाइनसोबत ‘हिवाळ्याचे तीन मित्र’ या दुसऱ्या मंडळातही बसतात.

कल्पनेचे मूळ चीनमध्ये आहे. अकराव्या शतकात वन थोंग (१०१८–१०७९) हे शाईतल्या बांबूसाठी नावाजले गेले आणि त्यांचे आप्त व स्नेही, कवी सू शी (१०३७–११०१), यांनी त्या चित्रांना विचाराचे बळ दिले. कुंचला उचलण्याआधी अख्खा बांबू मनात उभा राहिलेला असावा, बाह्य रूपाच्या हुबेहूब नकलेपेक्षा चित्रकाराचे अंतरंग उमटणे मोलाचे, असा तो विचार. गोर्यो राजवटीच्या काळात (९१८–१३९२) तो कोरियात रुजला. बाराव्या शतकातले कवी-अधिकारी जोंग सो हे शाईच्या बांबूसाठी प्रसिद्ध होते. पुढे जोसोन राजवटीने (१३९२–१९१०) कन्फ्यूशियसच्या शिकवणीचा नव्याने अर्थ लावणारे झू शी यांचे तत्त्वज्ञान राज्याचा पाया मानले आणि आत्मशुद्धी हे सुशिक्षित माणसाचे रोजचे काम झाले. या झाडांना तिथे सकस माती मिळाली.

साधनांचाही या अर्थाशी जवळचा संबंध आहे. काजळी आणि सरस यांची वाळवलेली कांडी, ती पाणी घालून उगाळायची दगडी दौत, कुंचला आणि कागद ही चार साधने लेखनाची. चित्रासाठी वेगळे काहीच लागत नाही. जो हात अक्षरे गिरवत मोठा झाला, तोच हात बांबूचे पेर वळवतो. शाई कागदात तत्क्षणी मुरते. खोडता येत नाही, वरून रंग चढवून चूक लपवता येत नाही. हाताचा थरकाप, घाई, दिखाऊपणा, सगळे कायमचे नोंदले जाते. चित्रातून माणसाची पारख होते ही समजूत या साधनांनीच पक्की केली.

बांबू : राज्याने लावलेली परीक्षा

जोसोन दरबारात बांबूचा मान कायद्यानेच ठरलेला होता. राज्याच्या चित्रशाळेत नेमणूक होण्यासाठी परीक्षा असे आणि १४८५च्या ‘ग्योंगगुक देजोन’ या विधिसंहितेत तिचे विषय व त्यांची प्रतवारी दिली आहे. पहिल्या प्रतीला बांबू, दुसऱ्या प्रतीला निसर्गदृश्य, तिसऱ्या प्रतीला माणसे व पशुपक्षी आणि चौथ्या प्रतीला इतर फुले-झाडे. डोंगरदऱ्यांच्या भव्य देखाव्यापेक्षा काही पेरांचा बांबू वरचढ ठरला, कारण त्यात कुंचल्यावरचा ताबा किती आहे हे लपवता येत नाही. बुंधा खालून वर जातो, प्रत्येक पेराशी कुंचला दाबून उचलावा लागतो, पाने टोकाशी निमुळती करत एका फटकाऱ्यात सोडावी लागतात.

या विषयातले सर्वमान्य नाव यी जोंग (१५५४–१६२६) यांचे. ते राजा सेजोंगच्या वंशातले. १५९२ साली जपानी फौजा कोरियावर चालून आल्या, तेव्हा तलवारीच्या घावाने त्यांचा उजवा हात जबर जखमी झाला. त्यातून सावरून त्यांनी १५९४ मध्ये ‘साम्छोंगछोप’ हा चित्रसंग्रह सिद्ध केला. काळ्या रंगात रंगवलेल्या रेशमावर सोन्याने काढलेले बांबू, प्लम आणि ऑर्किड, सोबत त्यांच्या स्वतःच्या कविता. युद्ध अजून चालू होते, राजधानी जळून गेली होती, आणि घायाळ हाताचा माणूस सर्वांत अवघड, सर्वांत मौल्यवान साहित्य निवडून न वाकणारी झाडे काढत होता. हा संग्रह आज सोलच्या कानसोंग संग्रहालयात आहे. त्यांचा ‘वाऱ्यातला बांबू’ही तिथेच आहे. पुढचा बांबू गडद शाईतला, सोसाट्यात ताणलेला. त्याच्यामागे फिकट शाईतले तीन, जणू त्याच्याच सावल्या. वारा काढलेला नाही, पण पानांच्या रोखावरून तो किती जोराचा आहे ते समजते. बांबू वाकलाय आणि मुळापाशी ठाम आहे. सचोटी म्हणजे ताठरपणा, ही सोपी समजूत हे चित्र मोडून काढते.

पुढे यू दोक-जांग आणि शिन वी (१७६९–१८४५) यांची नावे यी जोंग यांच्याबरोबर घेतली जातात. जोसोन काळातले बांबूचे तीन श्रेष्ठ चित्रकार ते हेच.

प्लम : प्रेम आणि शिस्त

प्लमविषयी कोरियन विद्वानांना वाटणारी माया जवळजवळ कौटुंबिक आहे. यी ह्वांग (१५०१–१५७०), ज्यांना लोक टोएगे या नावाने ओळखतात, त्यांनी प्लमवर शंभराहून अधिक कविता केल्या आणि त्यांचा वेगळा संग्रहही ठेवला. झाडाशी ते मित्रासारखे बोलत. अखेरच्या दिवशी त्यांनी कुंडीतल्या प्लमला पाणी घालायला सांगितले, ही आठवण त्यांच्या शिष्यांनी नोंदवून ठेवली आहे.

चित्रांतला प्लम मात्र भावुक नाही. ओ मोंग-र्योंग यांच्या ‘चंद्र आणि प्लम’मध्ये जुना बुंधा तुटलेला आहे. त्याच्यातून निघालेल्या कोवळ्या फांद्या बाणासारख्या सरळ वर जातात. कोरड्या कुंचल्याच्या फटकाऱ्यातून मधला कागदाचा पांढरेपणा दिसावा तसा रेशमाचा पोत जुन्या खोडात उघडा राहतो. फुले अगदी थोडी. चंद्रही भोवतालच्या फिकट छटेतून सुटलेला. चीनमधल्या प्लमचित्रांत फांद्यांची नागमोडी वळणे आणि फुलांचा बहर पुष्कळदा दिसतो; जोसोनच्या मध्यकाळात हे सगळे गाळून एक उभी, काटक रचना पक्की झाली. कोरियन चित्रकारांनी केवळ चिनी नमुने गिरवले, या आक्षेपाला हे चित्र चोख उत्तर आहे. राजा सोन्जोच्या काळात ओ यांचा प्लम, यी जोंग यांचा बांबू आणि ह्वांग जिप-जुंग यांची द्राक्षे ही तीन अजोड मानली जात. यात द्राक्षे आहेत, हेही ध्यानात ठेवावे. सत्पुरुषांची यादी चौघांपाशी कडेकोट बंद झालेली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात जो हुई-र्योंग (१७८९–१८६६) यांनी प्लमला वेगळाच आवेग दिला. त्यांच्या ‘प्लमच्या वनातले ग्रंथघर’ या चित्रात फुलांचे ठिपके हिमवर्षावासारखे साऱ्या कागदावर उडाले आहेत आणि त्यांच्या मधोमध एक माणूस पुस्तकांपाशी बसला आहे. ओ यांच्या संयमानंतर हा उत्सव पाहिला की एका झाडात किती स्वभाव मावतात ते उमगते.

ऑर्किड : अक्षरांचा सुगंध

चार सत्पुरुषांतला ऑर्किड फुलवाल्याकडच्या गुच्छात दिसणारा नाही. तो जमिनीवर उगवणारा, गवतासारख्या लांब पात्यांचा, लहानशा फिकट फुलांचा आहे. निर्जन दरीत, हुंगायला कोणी नसतानाही तो दरवळतो, ही जुनी चिनी धारणा त्याच्या मानाचे मूळ. ज्याला लोकांच्या वाहवेची गरज नाही त्याचे हे झाड.

हे चित्र बहुतेक सगळे पात्यांचे असते. पहिले पाते लांब सुटते, दुसरे त्याला छेदून मध्ये डोळ्यासारखी फट ठेवते, तिसरे त्या डोळ्यातून आरपार जाते. एकाच पात्यात कुंचला दाबत-उचलत तीनदा फिरवायचा असतो. हे तंत्र आणि त्यामागचे तत्त्वज्ञान ज्यांनी टोकाला नेले ते किम जोंग-हुई (१७८६–१८५६), ‘छुसा’ या नावाने प्रसिद्ध असलेले सुलेखनकार आणि पंडित. ऑर्किड काढायला हजारो ग्रंथ पचवलेले मन हवे, त्यातून अक्षरांचा सुगंध आणि ग्रंथांचे तेज यायला हवे, असे ते मुलाला बजावत. याच निकषावर त्यांनी जो हुई-र्योंग यांच्या ऑर्किडमध्ये हाताची करामतच अधिक आहे असा ठपका ठेवला. जो यांचे प्लम पाहिल्यावर हा निवाडा एकांगी वाटतो, पण परंपरेची कसोटी किती कडक होती हे त्यातून स्पष्ट होते.

छुसांचे उत्तरायुष्यातले ‘अद्वैताचा ऑर्किड’ हे चित्र भारतीय वाचकाने आवर्जून पाहावे. वाऱ्याने एका बाजूला लोटलेली काही वेडीवाकडी पाती, एक फूल आणि चहूबाजूंनी लेख. लेखात ते सांगतात की वीस वर्षे ऑर्किड काढला नव्हता, आता सहज उतरला. आणि हे काय आहे असे कोणी विचारलेच तर वैशालीच्या विमलकीर्तीच्या मौनाकडे बोट दाखवतात. बौद्ध परंपरेत विमलकीर्ती हा गृहस्थ अद्वैत म्हणजे काय या प्रश्नाला नुसते गप्प राहून उत्तर देतो. गंगेच्या खोऱ्यातले ते मौन संस्कृतातून चिनीत आणि चिनीतून कोरियन विद्वानाच्या शाईत पोहोचले. चित्र मुळात त्यांच्याकडच्या दाल्जुन नावाच्या पोऱ्यासाठी होते. शिक्के कोरणाऱ्या ओ ग्यू-इल यांनी ते पाहिले आणि हिसकावून नेले, हेही छुसांनी त्याच कागदावर लिहून ठेवले आहे.

हिवाळ्यातले पाइन

पाइन चौघांत नाही, तरीही कोरियातले सर्वांत गाजलेले विद्वत्चित्र पाइनचेच आहे. १८४० मध्ये छुसांना राजकीय वैरातून जेजू बेटावर हद्दपार केले गेले. घराभोवती काटेरी लिंबूवर्गीय झाडांचे कुंपण, त्याबाहेर जायला मनाई, अशी ती शिक्षा. १८४८ पर्यंत ते तिथे होते. सत्ता गेल्यावर बहुतेक ओळखीचे लोक दुरावले. यी सांग-जोक हे शिष्य मात्र दुभाषे म्हणून बीजिंगला जात आणि तिथून दुर्मीळ ग्रंथ मिळवून बेटावर पाठवत. त्यांच्यासाठी छुसांनी १८४४ मध्ये ‘सेहानदो’ काढले. कडाक्याची थंडी पडल्यावरच पाइनची हिरवाई कळते, या कन्फ्यूशियसच्या विचाराचा आधार घेऊन त्यांनी शिष्याला सांगितले की तू माझ्या सुखाच्या दिवसांतही असाच होतास आणि आताही तसाच आहेस.

चित्रात काय आहे? एक ओकेबोके घर, चार झाडे, बाकी रिता कागद. बर्फही काढलेला नाही. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने ओरखडल्यासारख्या रेषांतूनच गारठा जाणवतो. एक पाइन वठलेला, कललेला, तरी त्याच्या एका फांदीला हिरवाई आहे.

पुढची कथाही निष्ठेचीच आहे. यी सांग-जोक यांनी चित्र बीजिंगला नेले, तिथल्या सोळा विद्वानांनी त्यावर अभिप्राय लिहिले. अशी पाने जोडत जाऊन सुमारे ७० सेंटिमीटरचे चित्र १४ मीटरहून लांब गुंडाळीचा भाग बनले. विसाव्या शतकात ते छुसांचे जपानी अभ्यासक फुजित्सुका चिकाशी यांच्याकडे होते. १९४४ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, सुलेखनकार सोन जे-ह्योंग टोकियोला गेले, वारंवार विनवण्या केल्या आणि चित्र मायदेशी आणले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत फुजित्सुका यांचा संग्रह बॉम्बहल्ल्यात मोठ्या प्रमाणावर जळाला. २०२० मध्ये संग्राहक सोन छांग-गुन यांनी ‘सेहानदो’ कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दान केले.

शेवंती, केळ आणि कमळ

शेवंतीला साहित्यात मोठे स्थान आहे. नोकरी सोडून गावी परतलेला चिनी कवी थाओ युआनमिंग आणि त्याच्या कुंपणापाशी फुललेली शेवंती ही जोडी प्रत्येक विद्वानाला ठाऊक होती. तरी जोसोनमध्ये केवळ शेवंतीची शाईचित्रे तुलनेने थोडी. राजा जोंग्जो (राज्यकाळ १७७६–१८००) यांनी खडकाशेजारच्या शेवंतीचे चित्र काढले आणि तितक्याच तन्मयतेने केळीचे. केळीच्या पानावर अक्षरे गिरवणाऱ्या गरीब लेखकांच्या कथा आणि एक पान उलगडले की आत दुसरे तयार असते हे निरीक्षण, यांमुळे केळ ही अखंड अध्ययनाची खूण ठरली. राज्य चालवताना ग्रंथालय उभारणाऱ्या या विद्वान राजाला ती शोभून दिसते. ही दोन्ही चित्रे सोलच्या डोंगगुक विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत.

कमळाला बौद्ध अर्थ होताच. अकराव्या शतकातले चिनी तत्त्वज्ञ झोउ दुन्यी यांनी त्याला सत्पुरुषाचे फूल म्हटले आणि कन्फ्यूशियन विद्वानही त्याच्याकडे वळले. ग्योंगबोक राजवाड्यातल्या तळ्यामधल्या मंडपाचे ह्यांगवोनजोंग हे नाव झोउ यांच्याच कमळावरच्या निबंधातून आले आहे.

कुंचला कोणाच्या हाती?

या परंपरेतली एक गाठ सोडवायला हवी. झाडे सत्पुरुषाची, पण चित्रे काढणे हे कारागिराचे हलके काम, अशी समजूतही त्याच समाजात होती. पंधराव्या शतकातले कांग हुई-आन (निधन १४६४) यांनी वनस्पतींच्या जोपासनेवर कोरियातला आद्य मानला जाणारा ग्रंथ लिहिला, पण चित्रकार म्हणून नाव मागे राहावे असे त्यांना वाटत नव्हते. कांग से-ह्वांग (१७१३–१७९१) यांनी प्लम, ऑर्किड, शेवंती आणि बांबू एकत्र संच म्हणून काढण्याची प्रथा कोरियात रुजवली, असे मानले जाते. चित्रकलेमुळे लोक तुला कमी लेखतील, असा काळजीचा सल्ला खुद्द राजा योंग्जो यांच्याकडून आला, तेव्हा त्यांनी कुंचला बाजूला ठेवला आणि दीर्घकाळ ते चित्रांपासून दूर राहिले.

दुसरीकडे, ज्यांना सत्पुरुषाचा दर्जा जन्माने मिळत नव्हता, त्यांनी ही झाडे आपलीशी केली. दुभाषे यी सांग-जोक उच्चकुलीन नव्हते. प्योंगयांगच्या जुकह्यांग या कलावंतिणीच्या बांबूंची दखल शिन वींसारख्या उस्तादाने घेतली. उलट, सत्ताधाऱ्याच्या हातात प्रतीक कसे सैल पडते, हे राजा गोजोंगचे वडील दैवोनगुन (निधन १८९८) यांच्याकडे पाहून कळते. छुसांचे शिष्य, ऑर्किडवर असामान्य हुकमत. पण मागणी इतकी वाढली की त्यांच्या नावाने इतरांचे हातही राबू लागले. ज्या झाडाला वाहवेची गरज नाही म्हणायचे, त्याचीच प्रतिष्ठेची भेटवस्तू झाली.

लोकचित्रांशी तुलना केली की विद्वानांच्या झाडांचे वेगळेपण उठून दिसते. घराघरांतल्या पडद्यांवरची पियोनीची फुले समृद्धी मागतात, डाळिंब मुलेबाळे मागते. तिथे वनस्पती म्हणजे प्रार्थना. विद्वानाच्या चित्रात ती प्रतिज्ञा असते, आणि प्रतिज्ञा मोडताही येते. या जोखमीतच तिचा कस आहे.

देश गेल्यावर

१९०५ मध्ये जपानने कोरियावर संरक्षित राज्याचा करार लादला. निषेध म्हणून मंत्री मिन योंग-ह्वान यांनी आत्महत्या केली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे रक्ताळलेले कपडे ठेवलेल्या खोलीच्या जमिनीतून बांबू उगवल्याची बातमी पसरली; पाने त्यांच्या वयाइतकी, म्हणजे ४५, मोजली गेली. लोकांची रीघ लागली, चित्रे आणि छायाचित्रे निघाली. वाळलेला तो बांबू आज कोरिया विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. विद्वानांच्या बैठकीतले प्रतीक त्या वर्षी सामान्य माणसाचे झाले.

त्याच घराण्यातले मिन योंग-इक (१८६०–१९१४) शांघायला परागंदा झाले आणि मुळे उघडी पडलेले ऑर्किड काढू लागले. मंगोलांनी चीनमधले सोंग राज्य जिंकल्यावर चिनी चित्रकार झेंग सशियाओ (१२४१–१३१८) यांनीही मातीविना ऑर्किड काढले होते. जमीनच परक्यांची झाली, मग झाड रोवायचे कुठे? सहा शतकांनंतर कोरियन निर्वासिताने तोच प्रश्न हातात घेतला. किम जिन-उ (१८८३–१९५०) यांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला आणि त्यांच्या बांबूची पाने पात्यांसारखी धारदार झाली.

वसाहतीच्या सरकारने या परंपरेचे कप्पेही बदलले. १९२२ पासून भरणाऱ्या सरकारी कलाप्रदर्शनात चार सत्पुरुष सुलेखनासोबत एका विभागात होते. १९३२ मध्ये तो विभाग काढून टाकून त्यांना पौर्वात्य चित्रकलेत ढकलले गेले. लेखन आणि चित्र यांना जोडणारा एकच हात कारभाराच्या सोयीसाठी दोन खात्यांत वाटला गेला.

याच प्रदर्शनात १९२४ साली बांबूच्या चित्रासह एक तरुण निवडला गेला होता : ली उंगनो (१९०४–१९८९). पुढे ते पॅरिसला गेले, १९६७ मध्ये राजकीय खटल्यात दक्षिण कोरियाच्या तुरुंगात पडले, सुटून पुन्हा पॅरिसला परतले. १९८०च्या ग्वांगजू उठावात लष्कराने नागरिकांवर गोळ्या झाडल्या, त्यानंतर त्यांनी कागदभर माणसे काढायला सुरुवात केली. शाईच्या एकेका फटकाऱ्यात एकेक माणूस, शेकडो, हात उंचावलेली. ज्या मनगटाने बांबूची पाने सोडली, त्याच मनगटाची ही रेषा आहे.

या सगळ्या प्रवासातून मला जे महत्त्वाचे वाटते ते हे : चार झाडांचे अर्थ कोणीही दहा मिनिटांत शिकू शकतो, पण त्या अर्थांची किंमत कोणी मोजली याची नोंद चित्रातच असते आणि ती वाचायला इतिहास लागतो. आज कोरियात हौशी वर्गांत हजारो हात बांबू गिरवतात, आणि ते चांगलेच आहे. तरी संग्रहालयात अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर ‘हे कशाचे प्रतीक आहे’ एवढ्यावर थांबू नये. हे कोणी काढले, कधी काढले, आणि त्या झाडाने मागितलेले वागणे त्या माणसाला झेपले का, हे विचारावे. यी जोंग, छुसा आणि ली उंगनो यांची चित्रे टिकली, कारण या तिन्ही प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तर होते.